लॅटिनसदृश नावांचा उच्चार : कल्पनारम्य विश्वातील नामोच्चाराच्या निकषांचा विचार

सारांश : इंग्रजीतील कल्पनारम्य साहित्यात लॅटिन किंवा लॅटिनच्या धर्तीवर घडविलेली विशेषनामे विपुल प्रमाणात आढळतात. या नावांचा ‘बरोबर’ उच्चार कोणता, हा प्रश्न अध्यापक, अनुवादक आणि विद्यार्थी या तिघांनाही पडतो. लॅटिनच्या एकाहून अधिक उच्चारपरंपरा प्रचलित असल्याने त्याला एकच सरधोपट उत्तर देता येत नाही. प्रस्तुत लेखात या परंपरांचे स्वरूप, आघाताचा नियम व त्याचे आपल्या लघु-गुरुविचाराशी असलेले साम्य स्पष्ट केले असून काही निवडक साहित्यकृतींच्या आधारे उच्चारनिश्चितीचा एक क्रम सुचविला आहे.

बीजसंज्ञा : लॅटिन, उच्चारपरंपरा, कल्पनारम्य साहित्य, आघात, लघु-गुरू, लिप्यंतर.

१. प्रस्तावना

विशेषनामाचे भाषांतर होत नाही, त्याचे लिप्यंतर होते, असे आपण सामान्यतः मानतो. परंतु लिप्यंतर करावयाचे तर आधी उच्चार निश्चित करावा लागतो. इंग्रजी वाचकाची या बाबतीत सोय असते. छापील पानावरील नाव त्याने मनातल्या मनात कसेही वाचले तरी कथानक अडत नाही. मराठी अनुवादकाला मात्र ही पळवाट उपलब्ध नाही. देवनागरीत नाव लिहिण्यासाठी लेखणी टेकवताच ‘क’ की ‘स’, ‘व’ की ‘व्ह’, ‘त’ की ‘ट’, ‘आ’ की ‘ॲ’ या प्रत्येक ठिकाणी निर्णय घ्यावा लागतो. वर्गात पाठ मोठ्याने वाचणाऱ्या अध्यापकाचीही स्थिती याहून वेगळी नसते.

‘हॅरी पॉटर’ मालिका आणि जे. आर. आर. टोल्कीन यांचे लेखन मराठीत आले आहे. या साहित्यप्रकारावर महाविद्यालयीन स्तरावर चर्चा, प्रकल्प आणि शोधनिबंध होऊ लागले आहेत. अशा वेळी उच्चाराचा प्रश्न किरकोळ म्हणून बाजूस सारता येत नाही. वर्गात चुकीच्या उच्चाराबद्दल हसू होते ते बहुधा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचे. त्याला दुरुस्त करणाऱ्याचा उच्चार तरी कोणत्या आधारावर बरोबर ठरतो, हे तपासून पाहणे शैक्षणिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक संकेत येथेच नोंदवितो. प्रस्तुत लेखात ‘अक्षर’ ही संज्ञा एका स्वराभोवती गुंफलेल्या उच्चारघटकासाठी, तर ‘वर्णचिन्ह’ ही संज्ञा रोमन लिपीतील लेखनचिन्हासाठी वापरली आहे.

२. लॅटिन उच्चाराच्या तीन परंपरा

लॅटिन ही आज कोणत्याही समाजाची मातृभाषा नाही. मात्र ती वाचणारे, शिकविणारे आणि उपासनेत वापरणारे लोक सलगपणे होत आले. या दीर्घ प्रवासात तिच्या उच्चाराच्या अनेक परंपरा निर्माण झाल्या. आपल्या विषयाशी त्यांपैकी तिघींचा निकटचा संबंध आहे.

(अ) अभिजात किंवा पुनर्रचित परंपरा : इसवी सनापूर्वीचे पहिले शतक व त्यानंतरचा काही काळ या अवधीत रोममधील शिक्षितांचा जो उच्चार होता, त्याची विद्वानांनी पुराव्यांवरून केलेली ही पुनर्रचना होय. इरॅस्मस याने १५२८ मध्ये या विषयावर संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात डब्ल्यू. सिडनी ॲलन यांच्या १९६५ मधील ‘वोक्स लातिना’ या ग्रंथाने उपलब्ध पुराव्यांची व्यवस्थित मांडणी केली. या परंपरेत ‘सी’ या वर्णचिन्हाचा उच्चार सर्वत्र ‘क’ होतो, ‘जी’चा सर्वत्र ‘ग’ होतो, ‘व्ही’चा उच्चार ओठ गोल करून केलेल्या ‘व’सारखा असतो आणि ‘ए-ई’ या जोडीचा उच्चार ‘आइ’च्या जवळ जातो.

हे अनुमान हवेतले नाही. ग्रीक लेखकांनी सिसेरोचे नाव ‘किकेरोन’ असे, तर सीझरचे ‘काइसार’ असे लिहिले. जर्मन भाषेने लॅटिनमधून फार पूर्वी उचललेल्या शब्दांत ‘क’ टिकून आहे. तळघर या अर्थाचा ‘केलर’ आणि सम्राट या अर्थाचा ‘कायझर’ ही त्याची परिचित उदाहरणे. इंग्रजीतील ‘वाइन’ आणि ‘वॉल’ हे शब्दही लॅटिनमधील ‘व’चा जुना उच्चार जपून आहेत.

या पुराव्याचा एक धागा आपल्या इतिहासापर्यंत येऊन पोहोचतो. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीच्या सम्राज्ञीपदाची घोषणा झाली. त्या पदासाठी ‘कैसर-ए-हिंद’ ही संज्ञा योजण्यात आली होती. पंडिता रमाबाईंना १९१९ मध्ये मिळालेल्या पदकाचे नावही ‘कैसर-ए-हिंद’ असेच होते. यातील ‘कैसर’ हा शब्द ग्रीकमार्गे अरबी-फारसीत आणि तेथून हिंदुस्थानात आला. म्हणजे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ‘ज्युलियस सीझर’ वाचणारा मराठी माणूस त्याच नावाचा अधिक जुना उच्चार दुसऱ्या वाटेने आधीच ओळखत होता.

(आ) रोमन चर्चची परंपरा : ही परंपरा इटालियन उच्चाराच्या जवळची आहे. हिच्यात ‘ई’ व ‘आय’ या स्वरांपूर्वी ‘सी’चा ‘च’ आणि ‘जी’चा ‘ज’ होतो, तर ‘ए-ई’चा ‘ए’ होतो. पोप दहावे पायस यांनी १९१२ मध्ये एका फ्रेंच आर्चबिशपना लिहिलेल्या पत्रात या रोमन उच्चाराचा पुरस्कार केला आणि त्यानंतर तो अधिक व्यापक झाला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–१९६५) जगभरच्या कॅथलिक चर्चप्रमाणे गोव्यातील चर्चमध्येही मुख्य उपासना लॅटिनमध्येच होत असे.

(इ) पारंपरिक इंग्रजी उच्चार : नॉर्मन विजयानंतर (१०६६) फ्रेंच वळणाचे लॅटिन इंग्लंडमध्ये रुजले आणि ‘ई’, ‘आय’पूर्वीच्या ‘सी’चा ‘स’ झाला. पुढे साधारणपणे पंधराव्या ते सतराव्या शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे मोठे स्थित्यंतर घडले. इंग्रज लोक लॅटिन शब्दांचे वाचन इंग्रजी शब्दांप्रमाणेच करीत असल्याने लॅटिनचे स्वरही त्याबरोबर बदलले. त्यामुळे दीर्घ ‘आ’चा ‘ए’, दीर्घ ‘ई’चा ‘आय’ आणि ‘ए-ई’चा ‘ई’ झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील शाळांत अभिजात उच्चार आणण्याची चळवळ झाली, तेव्हा जुन्या पिढीतील शिक्षकांनी नाराजी व्यक्त केली. जेम्स हिल्टन यांच्या ‘गुडबाय, मिस्टर चिप्स’ (१९३४) या कादंबरीतील वृद्ध शिक्षक आणि नवा मुख्याध्यापक यांच्यातील खटक्याचे एक कारण हेच आहे.

भारतातील महाविद्यालयांत जे लॅटिन कानी पडते ते जवळजवळ सर्वस्वी या तिसऱ्या परंपरेचे आहे. विधी शाखेतील ‘हेबियस कॉर्पस’ आणि वनस्पतिशास्त्रातील ‘फायकस’ हे दोन्ही उच्चार इंग्लंडमार्गे आलेले आहेत. अभिजात रीतीने तेच शब्द ‘हाबेआस कोर्पुस’ आणि ‘फीकुस’ असे होतात. हरभऱ्याच्या शास्त्रीय नावातील प्रजातिवाचक शब्द आपण ‘सायसर’ असा उच्चारतो. अभिजात लॅटिनमध्ये तो ‘किकेर’ आहे आणि सिसेरोचे कुलनाम याच हरभऱ्यावरून आले, असे प्लुटार्कने नमूद केले आहे.

तीनही परंपरांतील फरक पुढील तक्त्यावरून एकत्रितपणे लक्षात येईल.

तक्ता क्र. १ : निवडक नावांचे तीन परंपरांतील उच्चार

| अभिजात | रोमन चर्च | पारंपरिक इंग्रजी |
|---|---|---|
| काइसार | चेसार | सीझर |
| किकेरो | चिचेरो | सिसेरो |
| लूकिउस | लूचिउस | लूशस |
| वालेरिउस | व्हालेरिउस | व्हॅलीरियस |
| आउरेलिउस | आउरेलिउस | ऑरीलियस |
| रेगुलुस | रेगुलुस | रेग्युलस |

तक्त्यातील ‘व’ आणि ‘व्ह’ यांचा भेद लक्षणीय आहे. अभिजात व इंग्रजी उच्चारांतील हा फरक रोमन लिपीला दाखविता येत नाही, कारण दोन्हीकडे वर्णचिन्ह एकच असते. मराठी लेखनपद्धतीला मात्र तो सहज दाखविता येतो.

३. आघाताचा नियम आणि आपला लघु-गुरुविचार

वर्णांच्या उच्चारात तीनही परंपरा भिन्न असल्या तरी एका बाबतीत त्यांच्यात मोठी एकवाक्यता आहे, ती म्हणजे आघाताचे स्थान. लॅटिनमधील आघाताचा नियम रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदविला आहे. तो असा सांगता येईल :

(१) दोन अक्षरी शब्दात आघात पहिल्या अक्षरावर येतो.
(२) तीन किंवा अधिक अक्षरांच्या शब्दात उपान्त्य अक्षर गुरू असेल तर आघात त्यावर येतो.
(३) उपान्त्य अक्षर लघू असेल तर आघात त्याच्या आधीच्या अक्षरावर येतो.

येथे गुरू म्हणजे ज्यात दीर्घ स्वर किंवा संयुक्त स्वर आहे, अथवा ज्याच्या स्वरानंतर दोन व्यंजने येतात, असे अक्षर. वृत्तदर्पणाच्या अभ्यासकाला ही व्याख्या नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू मानण्याचा आपला नियम तत्त्वतः हाच आहे. ‘ऑगस्टस’ या नावात मधल्या अक्षरानंतर दोन व्यंजने येतात, म्हणून आघात मधल्या अक्षरावर येतो. ‘सिसेरो’मध्ये मधला स्वर ऱ्हस्व व एकट्या व्यंजनापूर्वीचा असल्याने आघात मागे सरून पहिल्या अक्षरावर जातो. ‘मिनर्व्हा’मध्ये तो ‘नर्’वर पडतो.

अपवादाच्या बाबतीतही साम्य आढळते. मराठी छंदःशास्त्रात ‘तुम्ही’ या शब्दातील ‘तु’ पुढे जोडाक्षर असूनही लघू धरतात, कारण त्या जोडाक्षराचा आघात मागे येत नाही. लॅटिनमध्येही स्पर्शव्यंजनानंतर ‘र’ किंवा ‘ल’ आल्यास मागचे अक्षर सामान्यतः लघूच राहते.

मात्र एका बाबतीत सावधगिरी बाळगावयास हवी. देवनागरीत ‘ए’ आणि ‘ओ’ यांची ऱ्हस्व रूपे नाहीत, तर ‘आ’ हे चिन्ह स्वराचा दर्जा आणि दीर्घत्व या दोन्ही गोष्टी एकदमच दाखविते. लॅटिनमध्ये ‘ए’, ‘ओ’ आणि ‘आ’ हे तीनही स्वर ऱ्हस्व असू शकतात. त्यामुळे देवनागरीत लिहिलेल्या रूपावरून मात्रा मोजून आघात ठरविल्यास फसगत होईल. ‘किकेरो’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यातील ‘के’ दिसावयास गुरू, पण मूळ नावात तो लघूच आहे. आघात मूळ भाषेतील स्वरमानावरून ठरवावा आणि मगच देवनागरी लेखनाकडे वळावे, हे श्रेयस्कर.

४. टोल्कीन : लेखकाने स्वतः नियम दिले तर

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या ग्रंथाचा कर्ता हा मुळात भाषाशास्त्राचा प्राध्यापक. त्याने निर्माण केलेल्या ‘क्वेन्या’ या भाषेची बैठक लॅटिनची असून तिच्यात फिनिश व ग्रीक यांचे संस्कार मिसळले आहेत, असे त्याने आपल्या पत्रव्यवहारात सांगितले आहे. कथेच्या काळात क्वेन्या ही कोणाची जन्मभाषा उरलेली नाही. विधी, विद्या आणि गौरव यांसाठी ती राखून ठेवली आहे. मध्ययुगीन युरोपात लॅटिनला आणि आपल्याकडे संस्कृतला जे स्थान होते तेच येथे क्वेन्याला आहे.

ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील ‘ई’ या परिशिष्टात टोल्कीनने उच्चाराचे नियम दिले आहेत. क्वेन्याचे लेखन लॅटिनच्या जवळ जाणारे ठेवावयाचे म्हणून त्याने ‘के’ऐवजी ‘सी’ हे वर्णचिन्ह पसंत केले आणि त्याचा उच्चार सर्वत्र ‘क’च करावा असे बजावले. त्यामुळे ‘सेलेबॉर्न’ नव्हे, तर ‘केलेबोर्न’. ‘सिरिथ उंगोल’ नव्हे, तर ‘किरिथ उंगोल’. ‘जी’चा उच्चार नेहमी ‘ग’, म्हणून ‘गिल्दोर’ आणि ‘ओस्गिलिआथ’. शेवटचा ‘ए’ कधीही मूक नसतो. ‘र’ प्रत्येक ठिकाणी स्पष्ट कंपित उच्चारावा, व्यंजनापूर्वी तो गिळू नये. आघाताचा नियम लॅटिनचाच आहे : ‘इसिल्दुर’मध्ये ‘सिल्’ गुरू म्हणून त्यावर, तर ‘बोरोमिर’मध्ये मधले ‘रो’ लघू म्हणून पहिल्या ‘बो’वर.

‘देनेथोर’ हे नाव विशेष उद्बोधक आहे. रोमन लिपीत त्यातील ‘थ’साठी दोन वर्णचिन्हे येतात. वरवर पाहणाऱ्यास ती दोन व्यंजने वाटतील आणि तो आघात ‘ने’वर देईल. परंतु टोल्कीनचे म्हणणे असे की हा ध्वनी एकच असून मूळ लिपीत तो एकाच चिन्हाने लिहिला जातो. म्हणून मधले अक्षर लघू आणि आघात ‘दे’वर. देवनागरीत ‘थ’ हे एकच अक्षर असल्याने मराठी वाचकाचा हा घोटाळा मुळातच होत नाही. बुटक्यांच्या भाषेतील ‘खझाद-दूम’ या नावात तर ‘ख’ हा महाप्राण ध्वनी अभिप्रेत आहे. इंग्रजी वाचकाला तो प्रयत्नपूर्वक शिकावा लागतो, आपल्याला तो बाराखडीतच मिळतो.

येथे प्रस्तावनेतील विद्यार्थ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रत्येक वर्ण सुटा व स्पष्ट उच्चारणे, ‘र’ ठसठशीत म्हणणे, शेवटचा स्वर न गिळणे, ‘ए’ या रोमन वर्णचिन्हाला ‘आ’ म्हणणे या सवयींना आपण ‘मराठी वळणाचे इंग्रजी’ म्हणून नाके मुरडतो. परंतु टोल्कीनच्या एल्फांची नावे वाचताना याच सवयी ग्रंथकर्त्याच्या आदेशाच्या अधिक जवळ जातात. ‘मोर्दोर’ म्हणणारा विद्यार्थी ‘मॉऽडॉऽ’ म्हणणाऱ्यापेक्षा नियमाला अधिक धरून असतो.

याच परिशिष्टात आणखी एक इशारा आहे. हॉबिट लोकांची नावे मात्र इंग्रजी रीतीनेच वाचावयाची आहेत, कारण त्यांची भाषा ग्रंथात इंग्रजीत रूपांतरित केली आहे अशी योजना आहे. म्हणून ‘बोल्जर’ या नावात ‘ज’ येतो, तर ‘गिल्दोर’मध्ये ‘ग’. एकाच ग्रंथात दोन नियमसंच नांदतात. कोणता नियम लावावयाचा हे नाव कोणत्या लोकांचे आहे यावर अवलंबून राहते. उच्चार ही त्या विश्वातही सामाजिक खूण आहे. ऑर्क लोक घशातून ‘र’ उच्चारीत आणि एल्फांना तो ध्वनी अप्रिय वाटे, असे टोल्कीनने नोंदविले आहे.

५. ‘हॅरी पॉटर’ : जेथे इंग्लंडच बोलते

जे. के. रोलिंग यांच्या मालिकेत (१९९७–२००७) नावे घडविलेली नसून बहुतांशी थेट लॅटिनमधून उचललेली आहेत. ‘अल्बस’ म्हणजे पांढरा, ‘सिव्हेरस’ म्हणजे कठोर, ‘ड्रेको’ म्हणजे नाग किंवा अजगर, ‘रेग्युलस’ म्हणजे छोटा राजा. पात्रे ब्रिटिश आहेत आणि घटनास्थळही ब्रिटन आहे. त्यामुळे पारंपरिक इंग्रजी उच्चार येथे स्वाभाविक ठरतो. ‘द्राको’ हा अभिजात उच्चार व्याकरणदृष्ट्या निर्दोष असला तरी त्या शाळेच्या व्हरांड्यात तो परकाच वाटेल.

तथापि येथेही एक गुंता आहे. ‘सिव्हेरस’ या रोमन नावात मधला स्वर दीर्घ आहे. म्हणून अभिजात, चर्च आणि इंग्रजी या तीनही परंपरांत आघात मधल्या अक्षरावर येतो. रोमन सम्राट सेप्टिमियस सिव्हेरस याचे नाव इंग्रज इतिहासकार तसेच उच्चारतात. चित्रपटांत मात्र आघात पहिल्या अक्षरावर येतो आणि नाव ‘सेव्हरस’ असे ऐकू येते. ‘बेलाट्रिक्स’चेही तसेच. लॅटिनमध्ये आघात ‘ला’वर, चित्रपटात ‘बे’वर. म्हणजे येथे परंपरांपैकी एकीची निवड झालेली नाही. तीनही परंपरा सोडून इंग्रजीची आघात पुढे ओढण्याची प्रवृत्ती प्रभावी ठरली आहे. याउलट वस्तू आपल्याकडे बोलावून घेण्याचा जो मंत्र आहे त्याचा मूळ शब्द ‘मी बोलावतो’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद होय. चित्रपटांत तो ‘क’ धरून, म्हणजे अभिजात वळणाने उच्चारला जातो. चर्चच्या रीतीने तो ‘अच्चिओ’ झाला असता.

याचा अर्थ चित्रपट चुकला असा नाही. ‘सेव्हरस’ हे एका आधुनिक ब्रिटिश व्यक्तीचे नाव आहे आणि व्यक्तीचे नाव तिच्या परिसरात जसे उच्चारले जाते तोच त्याचा उच्चार. परंतु त्या आधारावर एखाद्या विद्यार्थ्याच्या ‘सेवेरुस’ला हसणे मात्र समर्थनीय नाही. त्याने आघात मधल्या अक्षरावर दिला असेल तर त्या बाबतीत तो रोमनांच्या अधिक जवळ आहे.

६. कल्पित इतिहास आणि उच्चार

काही कृतींत कल्पित विश्वाचा रोमशी प्रत्यक्ष ऐतिहासिक संबंध दाखविलेला असतो. जिम बुचर यांच्या ‘कोडेक्स अलेरा’ या सहा कादंबऱ्यांच्या मालिकेतील (२००४–२००९) समाज हा हरवलेल्या रोमन सैन्यदलाचा वंशज आहे आणि ‘गायस सेक्स्टस’ यांसारखी नावे तेथे आढळतात. या लोकांचा इंग्लंडशी कधीच संबंध आला नसल्याने त्यांच्या तोंडी पारंपरिक इंग्रजी उच्चार तर्कतः येऊ शकत नाही. मात्र शुद्ध अभिजात उच्चारही शतकानुशतके जसाच्या तसा टिकेल असे मानता येत नाही. लॅटिनपासून इटालियन, स्पॅनिश व फ्रेंच निर्माण झाल्या, तसा बदल तेथेही अपेक्षित आहे. अशा वेळी अभिजात उच्चार हा जवळचा पर्याय म्हणून स्वीकारावा, प्रमाण म्हणून नव्हे.

सुझन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ या मूळ कादंबरीत्रयीत (२००८–२०१०) याच्या उलट स्थिती आहे. तेथील राष्ट्राचे ‘पॅनेम’ हे नाव जुव्हेनल या रोमन कवीने उपहासाने वर्णिलेल्या भाकरी व खेळ यांच्या राजकारणावरून घेतले आहे. सीझर, सेनेका, सिना, कोरिओलेनस ही नावे तेथील राजधानीत वावरतात. परंतु तो देश भविष्यातील उत्तर अमेरिका आहे. रोमची नावे तेथे इंग्रजीमार्गे पोहोचली, म्हणून ‘सिना’ हाच उच्चार योग्य. ‘किन्ना’ म्हटल्यास कथेचा भूगोलच बिघडतो.

उच्चारभेदाचा सर्वांत अर्थपूर्ण वापर ‘फॉलआउट : न्यू वेगास’ (२०१०) या संगणकीय खेळात आढळतो. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत रोमच्या इतिहासाचे वाचन केलेला एक मनुष्य टोळ्यांना एकत्र करून रोमन धर्तीचे सैन्य उभारतो आणि स्वतःला सीझर म्हणवितो. त्याचे अनुयायी ते नाव ‘काइसार’ असे, तर विरोधक ‘सीझर’ असे उच्चारतात. नाव तेच, लेखनही तेच. बोलणारा कोणत्या बाजूचा आहे हे केवळ उच्चारावरून कळते. या संवादांचा मराठी अनुवाद करणाऱ्याने सर्वत्र ‘सीझर’ लिहिल्यास निष्ठेची ही खूण पुसली जाईल. देवनागरीत मात्र ती विनासायास दाखविता येते.

७. उच्चारनिश्चितीचा क्रम

वरील विवेचनाच्या आधारे अध्यापक व अनुवादक यांना पुढील क्रम उपयुक्त ठरू शकेल.

(१) लेखकाने उच्चाराचे नियम दिले असल्यास ते प्रथम प्रमाण मानावेत.
(२) नियम नसतील तर नाव कथाविश्वातील कोणत्या समाजाचे आहे आणि त्या समाजापर्यंत लॅटिन कोणत्या मार्गाने पोहोचले हे पाहावे.
(३) समाज आधुनिक ब्रिटिश वा अमेरिकी असेल तर पारंपरिक इंग्रजी, धर्मपीठाच्या वळणाचा असेल तर चर्चचा आणि रोमशी थेट नाते सांगणारा असेल तर अभिजात उच्चार स्वीकारावा.
(४) एका समाजाच्या सर्व नावांना एकच परंपरा लावावी. एका भावाला ‘लूकिउस’ आणि दुसऱ्याला ‘ऑरीलियस’ म्हणू नये.
(५) वर्णांविषयी संदेह असला तरी आघात लघु-गुरूच्या नियमाने ठरवावा, कारण परंपरा बदलली तरी तो सहसा बदलत नाही.
(६) मराठीत दृढ झालेली ऐतिहासिक नावे, उदाहरणार्थ ज्युलियस सीझर, इतिहासाच्या लेखनात बदलू नयेत.

८. एक संभाव्य आक्षेप

‘जे जगच अस्तित्वात नाही तेथील नावांचा उच्चार बरोबर किंवा चूक कसा असेल ?’ असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो अगदीच निराधार नाही. प्रत्यक्ष भाषेत बोलणाऱ्यांचा समूह हा अंतिम निर्णय देणारा असतो आणि कल्पित भाषेला असा समूह नसतो. परंतु यावरून सर्व उच्चार सारखेच ठरत नाहीत. कल्पनारम्य साहित्यातील नावे त्या जगाच्या इतिहासाचा भाग असतात. कोण जुने, कोण नवे, कोण विद्वान, कोण उपरा हे ती सुचवितात. उच्चार विसंगत झाला की ही सूचनशक्ती क्षीण होते. शिवाय हा आक्षेप मान्य केला तर वर्गात कोणाचाही उच्चार दुरुस्त करण्याचा अधिकार आपोआप संपतो. उच्चाराला महत्त्व नाही असे म्हणायचे आणि विद्यार्थ्याच्या उच्चाराला मात्र हसायचे, या दोन्ही भूमिका एकाच वेळी घेता येणार नाहीत.

९. निष्कर्ष

लॅटिनसदृश नावाला सर्वकाळी व सर्वत्र लागू पडेल असा एक उच्चार नसतो. त्याला परंपरा असतात आणि त्यांतील निवडीला कारणे असतात. आपल्या महाविद्यालयांत जो उच्चार प्रमाण समजला जातो तो त्यांपैकी एका परंपरेचा, इंग्लंडमार्गे आलेला अवशेष आहे. काही कृतींत तो योग्य असतो, तर काहींत ग्रंथकर्त्यानेच तो नाकारलेला असतो. मराठी भाषकाजवळ लघु-गुरूची जाण, महाप्राणांचा सराव आणि ‘व’-‘व्ह’, ‘त’-‘ट’ असे भेद दाखविणारी लिपी ही साधने आधीपासूनच आहेत. त्यांचा डोळसपणे उपयोग केल्यास अनुवाद अधिक सुसंगत होतील. वर्गातही ‘असेच म्हणतात’ या उत्तराच्या जागी ‘असे का म्हणतात’ हे सांगता येईल. ‘केलेबोर्न’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला थांबविण्यापूर्वी अध्यापकाने ते परिशिष्ट एकदा उघडून पाहावे, एवढीच प्रस्तुत लेखाची अपेक्षा आहे.